मुख्याध्यापक निवडताना नेमकं काय पाहायचं?

निवडसमिती_७

शाळेसाठी नवे मुख्याध्यापक निवडायचे आहेत. समितीत शिक्षक, पालक आणि व्यवस्थापन अशा तिन्ही बाजूंचे लोक आहेत. शाळेत साधारण ७०० मुलं आणि ३० शिक्षक आहेत. आलेले अर्ज वाचून काहीच कळत नाही, कारण नेतृत्वगुण, दूरदृष्टी, संवादकौशल्य, शिस्त हेच शब्द सगळ्यांनी लिहिलेत. मुलाखतीत तर चांगलं बोलणारा माणूस बाजी मारून जाणार, हे दिसतंच आहे.

दोन प्रश्न आहेत. मुलांच्या शिकण्यावर खरोखर फरक पडतो तो मुख्याध्यापकाच्या कोणत्या गुणांमुळे? आणि ते गुण नेमणुकीआधी ओळखायचे कसे? ज्यांनी या विषयाचा अभ्यास केलाय त्यांनी जरा नेमकं सांगा.

---

वहीचंपान

आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. मुख्याध्यापक स्वतः ७०० मुलांना शिकवत नाहीत. त्यांचा मुलांवर होणारा परिणाम जवळजवळ पूर्णपणे शिक्षकांमार्फत होतो. म्हणून गुण शोधायचा तो हा: या माणसाच्या हाताखाली शिक्षकाचं शिकवणं सुधारतं का?

संशोधनही तिकडेच बोट दाखवतं. न्यूझीलंडच्या व्हिवियन रॉबिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली आधीचे अभ्यास एकत्र करून पाहिले. मुख्याध्यापकाच्या कामाचे त्यांनी पाच भाग केले आणि प्रत्येकाचा मुलांच्या निकालावर किती परिणाम दिसतो ते काढलं (आकडा जितका मोठा तितका परिणाम जास्त). शांत, शिस्तशीर वातावरण राखणं ०.२७, साधनसामग्री योग्य ठिकाणी वापरणं ०.३१, उद्दिष्टं ठरवणं ०.४२, अध्यापनाचं नियोजन आणि मूल्यमापन ०.४२, आणि शिक्षकांच्या शिकण्याला चालना देऊन त्यात स्वतः सहभागी होणं ०.८४. मूळ अभ्यास मोजकेच होते, त्यामुळे दशांश चिन्हानंतरचे आकडे घट्ट धरू नका, पण क्रम ध्यानात ठेवा. ‘शिस्तप्रिय’ म्हणून ज्याची निवड होते त्याची जमेची बाजू यादीत सगळ्यात खाली आहे. शिस्त नको असा याचा अर्थ नाही. ती पायाची गोष्ट आहे, तेवढ्यावर इमारत उभी राहत नाही.

आता ‘सहभागी होणं’ म्हणजे काय ते जवळून बघू. मुख्याध्यापक गणिताच्या तासाला मागच्या बाकावर पंधरा मिनिटं बसले. शिक्षिका अपूर्णांक शिकवतायत. प्रश्न विचारतात, कुणी लगेच बोललं नाही की स्वतःच उत्तर सांगून पुढे जातात. सामान्य मुख्याध्यापक नंतर सांगतात, ‘तास छान झाला, मुलांचा सहभाग थोडा वाढवा.’ यातून त्या बाईंच्या हाती काहीच लागत नाही. कसबी मुख्याध्यापक वहीत लिहून आणतात: ‘पंधरा मिनिटांत अकरा प्रश्न. सात प्रश्नांची उत्तरं तुम्हीच दिलीत. प्रश्न आणि तुमचं उत्तर यांत सरासरी एक सेकंद. उत्तर देणारी मुलं तीनच, तिन्ही पहिल्या रांगेतली.’ मग एकच बदल सुचवतात: प्रश्न विचारल्यावर मनात तीनपर्यंत मोजायचं आणि मगच नाव घ्यायचं. अमेरिकी शिक्षणसंशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात हेच मोजून दाखवलं होतं. शिक्षक साधारण सेकंदभर थांबतात, आणि थांबणं तीन सेकंदांवर नेलं की उत्तरं लांबतात, गप्प बसणारी मुलं कमी होतात. पुढच्या आठवड्यात मुख्याध्यापक पुन्हा त्याच वर्गात जाऊन फक्त तेवढंच बघतात.

यात तीन गोष्टी आहेत आणि तिन्ही लागतात. डोळ्यांनी पाहिलेलं जसंच्या तसं टिपणं, एका वेळी एकच बदल सुचवणं, परत जाऊन बघणं. पहिली नसेल तर शिक्षकाला ते ‘मत’ वाटतं आणि वाद होतो. दुसरी नसेल तर आठ सूचनांची यादी हातात पडते आणि एकही अंमलात येत नाही. तिसरी नसली तर दोन महिन्यांत सगळ्यांना कळतं की साहेब येतात, बोलतात, विसरतात.

बोलणं शक्यतो त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी व्हायला हवं. आठवडा उलटला की तो तास शिक्षकाच्याही डोक्यातून गेलेला असतो.

---

घंटा_आणि_तास

वहीचंपान यांच्याशी सहमत, पण एक धोका सांगतो. ‘मी रोज सगळ्या वर्गांतून फेरी मारतो’ हे वाक्य मुलाखतीत ऐकलं की समिती खूश होते. सावध राहा. अमेरिकेत मायामी-डेड जिल्ह्यातल्या सुमारे शंभर मुख्याध्यापकांबरोबर निरीक्षक पूर्ण दिवस राहिले आणि कशाला किती वेळ गेला ते टिपलं. ग्रिसम, लोब आणि मास्टर यांचा हा अभ्यास २०१३ साली आला. अध्यापनाशी संबंधित कामाला एकूण वेळेच्या जेमतेम आठव्या हिश्श्याएवढा वेळ जात होता आणि त्यातला मोठा वाटा नुसत्या फेऱ्यांचा होता. फेऱ्यांमध्ये जास्त वेळ घालवणाऱ्या मुख्याध्यापकांच्या शाळांमध्ये मुलांची प्रगती उलट कमी दिसली. शिक्षकाला बसवून मार्गदर्शन करण्यात जास्त वेळ देणाऱ्यांकडे ती जास्त दिसली. दारातून डोकावून जाण्यानं शिक्षकाला फक्त पहारा जाणवतो.

आता तुमच्या शाळेचा हिशेब मांडू. ३० शिक्षक आहेत. प्रत्येकाच्या वर्गावर दर पंधरवड्याला एकदा जायचं तर आठवड्याला १५ भेटी, म्हणजे दिवसाला तीन. पंधरा मिनिटं बसणं आणि पंधरा मिनिटं बोलणं धरलं तर रोज दीड तास. हे जमतं, पण केव्हा? तो दीड तास आठवड्याच्या वेळापत्रकात आधीच कोरून ठेवला असेल तर. ‘वेळ मिळाला की जाईन’ म्हणणाऱ्याला वेळ कधीच मिळत नाही, कारण कार्यालयातलं काम पाण्यासारखं आहे, जिथे फट दिसेल तिथे शिरतं.

म्हणून मुलाखतीत विचारायचं: ‘तुमचा नेहमीच्या मंगळवारचा सकाळी ९ ते १ आम्हाला पंधरा-पंधरा मिनिटांनी सांगा.’ नुसतं ऐका. ज्याचा दिवस पत्रं, सह्या, फोन आणि भेटायला आलेले लोक यांतच संपतो तो कितीही कळकळीचा असला तरी वर्गापर्यंत पोचत नाही. त्या वेळात फोन कोण घेतं, आलेल्या पालकांना कोण बसवतं, कोणत्या सह्या उपमुख्याध्यापक करतात, हे जो न अडखळता सांगतो त्यानं ही घडी खरोखर बसवलेली आहे असं समजा. काम वाटून देता येणं हा वेगळा गुण म्हणून कुणी लिहीत नाही, पण बाकीच्या सगळ्या गुणांना वेळ तिथूनच मिळतो.

---

निवडसमिती_७

हे फार उपयोगी आहे, दोघांचेही आभार. पण आमच्या समितीतल्या पालकांचा भर वेगळा आहे. तक्रारी ऐकून घेणारा माणूस हवा असं ते म्हणतात. शिक्षकांचं म्हणणं, पाठीशी उभा राहणारा हवा. दोन्ही एकाच माणसात कसं बसणार?

---

दुसरीघंटा

बसतं. दोन्हींच्या मुळाशी विश्वासच आहे. ब्रिक आणि श्नायडर यांनी शिकागोच्या प्राथमिक शाळांचा बरीच वर्षं अभ्यास करून २००२ साली जे मांडलं ते इथे कामाला येईल. शाळेतला विश्वास चार गोष्टींवर माणसं जोखतात: समोरचा मला मान देतो का, त्याला त्याचं काम येतं का, नेमून दिलेल्या कामापलीकडे त्याला माझी काळजी आहे का, आणि तो बोलतो तसं करतो का. चारपैकी एक जरी पार ढासळली तरी बाकी तिन्हींनी भरून निघत नाही. प्रेमळ पण दिलेला शब्द न पाळणारा मुख्याध्यापक आणि हुशार पण तोडून बोलणारा मुख्याध्यापक, दोघांच्याही शाळेत शिक्षक दार लावूनच शिकवतात.

पालकांच्या तक्रारीत हे रोज कसाला लागतं. समजा एक पालक रागानं आले: ‘बाईंनी माझ्या मुलीला मुद्दाम कमी गुण दिले.’ जाणता मुख्याध्यापक असं करतो. फोन बाजूला ठेवून पूर्ण ऐकतो, लिहून घेतो आणि लिहिलेलं वाचून दाखवतो, ‘तुमचं म्हणणं मी बरोबर घेतलं ना?’ राग निम्मा इथेच उतरतो. त्या बैठकीत निकाल देत नाही. ‘बाईंशी बोलून, पेपर पाहून गुरुवारपर्यंत कळवतो’ असा वार सांगतो. शिक्षिकेशी एकांतात बोलतो आणि सुरुवात उत्तरपत्रिकेपासून करतो, आरोपापासून नाही. गुरुवारी स्वतःहून कळवतो, नवीन काही निघालं नसलं तरीसुद्धा.

चुकतं ते दोन बाजूंनी. काही जण पालकांसमोरच शिक्षिकेला बोलावून गुण बदलायला लावतात. पालक खूश होतात, आणि पुढच्या परीक्षेपासून सगळे शिक्षक हात सैल सोडून गुण देऊ लागतात. दुसरे काही न बघताच ‘आमच्या शिक्षकांकडून असं होणारच नाही’ म्हणतात. त्याला पाठीशी उभं राहणं म्हणत नाहीत. शिक्षिकेची बाजू मांडली जाणं आणि चूक असेल तर ती चारचौघांत न येता दुरुस्त होणं, शिक्षकाला खरा आधार वाटतो तो याचा.

---

घंटा_आणि_तास

एक मुद्दा जोडतो. माझ्या मते सगळ्यात कमी लक्ष याकडे जातं. मुख्याध्यापकाचा न्याय भाषणात शोधू नका, वेळापत्रकात शोधा. सगळ्यात अवघड वर्ग कुणाला दिलाय? बहुतेक शाळांत तो नव्यानं लागलेल्या शिक्षकाच्या वाट्याला येतो, कारण जुनी मंडळी आधीच सोपे वर्ग निवडून मोकळी होतात. नवा शिक्षक वर्षभर कसाबसा तग धरतो किंवा सोडून जातो. त्या वर्गाचं तर दरवर्षी नुकसान. गणिताचे आठवड्याचे सगळे तास शेवटच्या दोन तासिकांत पडलेत का? एकाच माणसाला सलग पाच-सहा तास लागलेत का? गैरहजर शिक्षकाच्या जागी बदली तास कुणाच्या माथी जातात, फिरती यादी आहे की जो नाही म्हणू शकत नाही त्याच्याच?

आणि वेळापत्रक भरताना पहिल्यांदा काय घातलं हे विचारा. चांगले मुख्याध्यापक कोऱ्या कागदावर सगळ्यात आधी एका इयत्तेच्या शिक्षकांची एकत्र मोकळी तासिका बसवतात, आठवड्याला एक, साधारण ४० मिनिटांची. मग बाकीचे विषय. उलट क्रमानं गेलात तर शेवटी अशी तासिका उरतच नाही आणि मग शाळा सुटल्यावर दमलेल्या माणसांना थांबवावं लागतं.

---

वहीचंपान

हो, आणि त्या ४० मिनिटांत काय होतं यावर सगळं आहे. सूचना वाचून दाखवण्यात गेली तर ती तासिका न दिलेलीच बरी, सूचना कागदावरही देता येतात.

त्या वेळात सहा वह्या टेबलावर हव्यात. दोन चांगल्या येणाऱ्या मुलांच्या, दोन मधल्या, दोन मागे पडलेल्या. सगळ्यांसमोर एकच गणित. समजा प्रश्न होता, ०.६ मोठं की ०.३५? तीन वह्यांत ०.३५ मोठं लिहिलंय. आळस किंवा निष्काळजीपणा म्हणून सोडून दिलं तर संपलं. नीट पाहिलं तर कळतं की मुलं दशांश चिन्हानंतरचा भाग पूर्ण संख्येसारखा वाचतायत, ३५ हे ६ पेक्षा मोठं म्हणून. मग चर्चा ‘पोरं लक्ष देत नाहीत’ इथे न थांबता ‘०.६ म्हणजे ०.६० हे शंभर चौकटींच्या कागदावर रंगवून दाखवायचं का?’ इथे येते. सोमवारी त्या इयत्तेचे सगळे शिक्षक तेच करतात आणि पुढच्या बैठकीला तशाच सहा वह्या येतात.

मुख्याध्यापकांनी इथे विषयतज्ज्ञ असायची गरज नाही. बोलणं मुलांबद्दलच्या तक्रारींकडे वळलं की ते परत वहीकडे आणायचं, एवढं त्यांना जमलं पाहिजे.

---

हजेरीपट

आकड्यांची जाण हा गुण कुणी लिहिला नाही म्हणून लिहितो. मोठं सांख्यिकी ज्ञान लागत नाही. सरासरीच्या आत काय दडलंय ते बघायची सवय लागते.

तुमच्याच शाळेचं उदाहरण घ्या. ७०० मुलं, वर्षाचे कामाचे दिवस २०० धरू. सरासरी हजेरी ९४ टक्के असेल तर अहवालात सुरेख दिसतं. पण ६ टक्के गैरहजेरी म्हणजे वर्षभरात ८,४०० मूल-दिवस बुडाले. ते असेही वाटले गेलेले असू शकतात: ६०० मुलं प्रत्येकी ९ दिवस आणि १०० मुलं प्रत्येकी ३० दिवस. बेरीज करून बघा, बरोबर ८,४०० येते. म्हणजे सातात एक मूल सहा आठवड्यांच्या शाळेला मुकलं आणि सरासरीत त्याचा मागमूस नाही.

वर्षाच्या १० टक्के दिवस बुडाले की धोक्याची रेघ ओलांडली असं बऱ्याच ठिकाणी धरतात. २०० दिवसांत ते २० होतात, महिन्याला साधारण दोन. म्हणून वर्षअखेरीची वाट पाहायची नाही. महिन्यात दोन किंवा त्याहून जास्त दिवस बुडालेल्या मुलांची नावं दर महिन्याच्या शेवटी वर्गशिक्षकाकडून घ्यायची. दुसऱ्या महिन्यात तेच नाव आलं की घरी फोन करायचा आणि सूर ‘का नाही पाठवलं’ असा नको, ‘काय अडचण आहे’ असा हवा. आजारपण, लहान भावंडाला सांभाळणं, वर्गातली दादागिरी, न येणारा विषय, कारणं वेगवेगळी असतात आणि प्रत्येकाला उपाय वेगळा लागतो.

उमेदवाराला असा एक हजेरीचा तक्ता द्या आणि विचारा, ‘यात तुम्हाला काय दिसतं?’ सरासरी वाचून दाखवणारा आणि ‘नावांची यादी मिळेल का?’ असं विचारणारा, यांच्यातला फरक दोन मिनिटांत कळेल.

---

दुसरीघंटा

निवड कशी करायची यावर आता नेमकं. मुलाखत राहू दे, पण तिला एकूण गुणांच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त वजन देऊ नका. तिच्याबरोबर प्रत्यक्ष कामाचे दोन नमुने ठेवा.

पहिला: एका तासाचं दहा मिनिटांचं चित्रीकरण दाखवा. दहा मिनिटं विचार करायला द्या. मग समितीतला एक शिक्षक त्या वर्गाचा शिक्षक बनेल आणि उमेदवारानं त्याच्याशी दहा मिनिटं बोलायचं. बघायचं ते असं: पाहिलेलं नेमकं सांगतो की शेरे मारतो? शिक्षकाला आधी बोलू देतो का? शेवटी एकच बदल आणि पुन्हा भेटीचा दिवस ठरतो का? शिक्षक बनलेल्या सदस्यानं मध्येच थोडं चिडून बोलावं, ‘चाळीस मुलं आहेत वर्गात, हे सगळं पुस्तकात ठीक आहे.’ माणूस तिथे कळतो.

दुसरा: टेबलावर सात कागद ठेवा, अर्धा तास द्या, आणि क्रम लावून प्रत्येकावर काय करणार ते लिहायला सांगा. आज संध्याकाळपर्यंत पाठवायचा अहवाल. प्रयोगशाळेत गॅसचा वास येतोय अशी चिठ्ठी. दोन शिक्षक आज येणार नाहीत, पहिला तास पंधरा मिनिटांत सुरू. गुणांबद्दल पालकांची तक्रार. एका मुलानं वर्गशिक्षकाला सांगितलंय की त्याला घरी जायची भीती वाटते. एका वजनदार माणसाची प्रवेशासाठी शिफारस. थकलेलं बिल.

गॅस पहिला: त्या भागातली मुलं बाहेर, विजेचं एकही बटण चालू-बंद न करता. लगोलग घाबरलेलं मूल. इथे उत्तर बारकाईनं वाचा. मुलाला खोदून खोदून विचारायचं नाही, ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन द्यायचं नाही, त्याचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवायचे, आणि बालसुरक्षेची जबाबदारी ज्यांच्यावर आहे त्यांच्याकडे त्याच दिवशी, मूल घरी जाण्याआधी पोचवायचं. पालकांना बोलावून समोरासमोर ‘मिटवतो’ असं ज्यानं लिहिलं असेल त्याचं बाकी सगळं उत्तम असलं तरी मी नाव पुढे नेणार नाही, कारण भीती नेमकी घरातच असू शकते. त्यानंतर रिकामे वर्ग. ते दुसऱ्याकडे सोपवता येतात आणि तसं लिहिणाऱ्याला गुण जास्त. तारीख लिहिलीय म्हणून अहवालापासून सुरुवात करणारे बरेच निघतील.

गुणपत्रिका आधी तयार ठेवा. प्रत्येक सदस्यानं आपापले गुण एकमेकांशी बोलण्याआधी लिहायचे, नाहीतर ज्येष्ठ माणूस पहिलं वाक्य बोलतो आणि बाकीचे त्याच्यामागे जातात.

आधीच्या शाळेत चौकशी करताना ‘माणूस कसा आहे?’ असं विचारू नका, सगळे चांगलाच म्हणतात. दोन-तीन शिक्षकांना विचारा: ‘गेल्या दोन महिन्यांत ते तुमच्या वर्गावर किती वेळा बसले? नंतर काय बोलले? त्यामुळे तुम्ही काय बदललंत?’ तिसऱ्या प्रश्नाला नेमकं उत्तर आलं तर ते शिफारसपत्रापेक्षा मोलाचं.

---

निवडसमिती_७

सात कागदांचा नमुना उद्याच्या बैठकीत मांडते. एक शंका: चित्रीकरण आमच्याच शाळेतल्या एखाद्या तासाचं घेतलं तर चालेल का?

---

दुसरीघंटा

शक्यतो नको. निवड झालेला माणूस पुढे त्याच शिक्षकाचा वरिष्ठ होणार, आणि त्याच्या तासाची चिरफाड सगळ्या उमेदवारांनी समितीसमोर केलेली असणार. दुसऱ्या शाळेतला तास घ्या, शिक्षकाची आणि मुलांच्या पालकांची लेखी परवानगी घेऊन. तास ना फार सुंदर हवा ना फार वाईट. मधला असला की उमेदवाराला नेमकं काय दिसतं ते कळतं. आणि सगळ्या उमेदवारांना तोच एक तास दाखवा, नाहीतर तुलना करता येणार नाही.